प्लग काळा का होतो?



या व्याख्यानमालेत काल वेदान्तावर व्याख्यान झाले, उद्या नाट्यसंगीतावर आहे, आणि आज मध्येच आम्ही मोटारीचा प्लग खिशात घालून उभे आहोत. कामगार चळवळीतला माणूस नव्या कामगार कायद्यांवर बोलेल अशी चिटणिसांची अपेक्षा असावी. त्या विषयावर आम्ही वर्षभर बोलतोच. पण गेल्या वर्षी याच मांडवाबाहेर एका गृहस्थांनी आपली जुनी पद्मिनी दाखवून आम्हांला विचारले, ‘‘चार वेळा प्लग बदलले, तरी पंधरा दिवसांत पुन्हा काळे. काय करावे?’’ त्यांना आम्ही पाच मिनिटांत उत्तर दिले, पण ते अपुरे होते. पुरे उत्तर आज देतो. त्यात आमची स्वतःची एक जुनी चूकही येते. ती वगळली तर उत्तर पुन्हा अपुरेच राहील.

प्रथम एक खुलासा. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तो मोठेपणा समजू नये. गॅरेजात एक जण पाना धरतो आणि दुसरा बॅटरी दाखवतो. युनियनमध्ये तर शेकडो हात. एकवचनात बोलण्याची सवय आम्हांला लागलीच नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडीलही होते. घरात पगार येईना, तेव्हा तेराव्या वर्षी लालबागच्या एका गॅरेजात आम्ही पाने पुसायला लागलो. पुढे जे शिकलो ते गाड्यांच्या हँडबुकांतून, वाचनालयातून आणि वस्तादाच्या चापटीतून. त्या गॅरेजात येणाऱ्या दहा गाड्यांतल्या आठ गाड्या फियाट, म्हणजे पद्मिनीच्या घराण्यातल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, चार सिलिंडरांची, १०८९ सी.सी.ची ही गाडी. काळा-पिवळा रंग लावून तिने मुंबईची दोन पिढ्यांची ने-आण केली.

आता मुद्द्याकडे वळू. प्लगाचे काम काय? सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टनने दाबलेले असते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा. या दाबलेल्या मिश्रणात नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. प्लगाच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक फट असते, ती विजेने उडी मारून ओलांडायची. गाडीची बॅटरी फक्त बारा व्होल्टांची. एवढ्याशा जोराने वीज ती फट ओलांडू शकत नाही. म्हणून कॉइल लागते. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो तेव्हा तिच्यात चुंबकत्व साठते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्टांचा दाब उभा राहतो. तो रोटर फिरवून फिरवून चार प्लगांना वाटतो. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा, असा या इंजिनाचा क्रम. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. यांतली एक चुकली तरी चालकाच्या पायाला कळते.

या साखळीत एक लहानसा घटक आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अंगठ्याच्या पेराएवढी पत्र्याची डबी, तिला कंडेन्सर म्हणतात. पॉइंट उघडताना प्रवाहाला तुटायचे नसते. तो पॉइंटांच्या फटीतच ठिणगी टाकून पुढे जाऊ पाहतो. कंडेन्सर त्या क्षणी तो प्रवाह आपल्या पोटात घेतो, त्यामुळे तुटणे स्वच्छ आणि झटक्यात होते. तुटणे स्वच्छ झाले नाही तर कॉइल जोर धरीत नाही. ही डबी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

मग प्लग काळा का होतो? प्लगाच्या मधल्या तारेभोवती चिनी मातीसारखे पांढरे आवरण असते. गाडी नीट चालत असताना त्याचे टोक साधारण पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. आठशे-साडेआठशेच्या फार वर गेले तर ते टोकच निखारा बनते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवते. या दोन मर्यादांमध्ये प्लगाचा संसार. टोक पुरेसे तापले नाही, किंवा काजळी जळण्यापेक्षा बसण्याचा वेग जास्त झाला, की प्लग काळा पडतो. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनातून वीज वाहते. मग फट ओलांडण्याचे कष्ट न घेता वीज त्या काळ्या थरावरून सरळ इंजिनाच्या अंगात उतरते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल अर्धवट जळते, आणखी काजळी बसते. गरीब माणसाच्या कर्जासारखे हे आहे: व्याज थकले म्हणून नवे कर्ज, आणि नवे कर्ज म्हणून आणखी व्याज.

प्लग काढून पाहिला की त्याच्या तोंडावर इंजिनाची हकीकत लिहिलेली असते. फिका तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर सगळे ठीक. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, चोक अडकलेला, हवेचा फिल्टर तुंबलेला, किंवा ठिणगी दुबळी. ओला, तेलकट, चकचकीत काळा असेल तर इंजिनाचे तेल वर चढते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले. पेट्रोलने नुसता भिजलेला असेल तर तिथे ठिणगी पडतच नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर तो फार तापतो आहे. मिश्रणात पेट्रोल कमी आहे, टायमिंग फार पुढे आहे किंवा प्लगच चुकीच्या जातीचा आहे.

पण एक प्लग पाहून निकाल देऊ नये. चारही काढावेत, कागदावर १ ते ४ आकडे घालून त्याच क्रमाने मांडावेत, आणि स्वतःला पहिला प्रश्न विचारावा: एकच काळा आहे, की चारही? एकच काळा असेल तर दोष त्या एका घरातला. तो प्लग, त्याची वायर, त्या सिलिंडराची रिंग किंवा व्हॉल्व्ह. त्या वेळी तो प्लग शेजारच्या सिलिंडरात बसवून गाडी चालवावी. काळेपणा प्लगाबरोबर गेला तर दोष प्लगाचा; जागेवरच राहिला तर दोष जागेचा. आणि चारही सारखेच काळे असतील, तर चारही प्लग एकाच दिवशी बिघडले हे संभवत नाही. मग दोष चौघांच्या सामाईक मालमत्तेत शोधायचा: कार्बोरेटर, चोक, फिल्टर, बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग.

हे आज आम्ही ठामपणे सांगतो, पण १९९० साली आम्ही ते पाळले नाही.

त्या वर्षी आम्ही एकवीस वर्षांचे होतो आणि स्वतःला मिस्त्री समजत होतो. गॅरेजात एका मालकाची टॅक्सी येत असे. तिच्यावर दिवसपाळीला राजापूरकडचे एक चालक होते. सगळे त्यांना मामा म्हणत. दिवसाचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे आणि उरेल त्यावर घर चालवायचे, अशी व्यवस्था. एके दिवशी मालक गाडी घेऊन आला. तक्रार अशी: सकाळी गाडी उत्तम, अकराच्या सुमारास मिसिंग सुरू, दुपारी चढावर ओढत नाही. आणि मामा पेट्रोल भरीत तेही साधारण त्याच वेळी. मालकाने मनाशी जुळवले की मामा टाकीत पेट्रोलऐवजी रॉकेल घालतात आणि मधले पैसे खिशात टाकतात. ती भेसळ त्या काळी शहरात होत असे, त्यामुळे संशय अगदीच आकाशातून पडलेला नव्हता.

आम्ही चार प्लग काढले. चारही काळे. एक नाकाशी नेला, रॉकेलचा वास आला. मालकाने विचारले, ‘‘रॉकेलच ना?’’ आम्ही म्हणालो, ‘‘रॉकेलच.’’ मामा दाराशी उभे होते. ते काही सांगू लागले, तेव्हा आम्ही हात पुसत म्हणालो, ‘‘मामा, प्लग खोटं बोलत नाही.’’ त्याच संध्याकाळी मालकाने त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली.

नवे प्लग घालून गाडी गेली. चौथ्या दिवशी नवा चालक तीच गाडी ढकलत ढकलत घेऊन आला. वेळ अकराचीच. त्या दिवशी पेट्रोल भरलेच नव्हते. आदल्या रात्री मालकाने स्वतः टाकी भरून घेतली होती. वस्तादांनी आम्हांला बाजूला सारले आणि गाडी तापलेली असतानाच डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंट निळे पडून जळलेले. कॉइलची मधली वायर इंजिनापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरून पाहिली, तर ठिणगी बारीक, पिवळट, मरतुकडी. नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट घातले. ठिणगी निळी, कडकडीत. गाडी दिवसभर फिरवली, कुरकूर नाही. वस्तादांनी मग खात्रीसाठी जुना कंडेन्सर पुन्हा बसवून गाडी पाठवली. दोन तासांनी मिसिंग सुरू. थंड असताना तो काम करी, इंजिनाच्या उष्णतेने तापला की दगा देई. अकराचा मुहूर्त पेट्रोलाचा नव्हता, उष्णतेचा होता.

आणि रॉकेलचा वास? गॅरेजात आम्ही सगळे भाग रॉकेलनेच धुवत असू. वास आमच्या हातांचा होता.

आम्ही मामांना शोधायला निघालो. त्यांचे नाव तोवर टॅक्सीस्टँडांवर पसरले होते. ‘रॉकेलवाला’ म्हणून कोणी गाडी देईना. दोन आठवड्यांनी ते शीवला एका स्टँडवर, दुसऱ्याची गाडी धुताना सापडले. आम्ही खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत, हे अधिक वाईट. म्हणाले, ‘‘अरे बाळा, मी तेच सांगत होतो. पेट्रोल भरायच्या आधीच ती झटके द्यायची. तापली की रुसते, असं दाराशी उभं राहून सांगत होतो. तू विचारलं असतंस तर?’’ मालक चूक मान्य करायला आला नाही. मामांना पुन्हा कायमची पाळी मिळायला तीन महिने गेले. तोवर त्यांच्या धाकट्या मुलाची शाळा सुटली होती. ती आम्ही भरून देऊ शकलो नाही.

प्लग खोटे बोलत नाही हे आजही खरे आहे. पण तो फक्त साक्षीदार आहे, आणि आपल्याला जे विचारायचे सुचते तेवढ्यापुरतीच त्याची साक्ष. चारही प्लग काळे होते याचा अर्थ दोष सामाईक आहे, एवढाच. त्या सामाईक यादीत पेट्रोल होते तसा कंडेन्सरही होता. आम्ही यादीतले पहिले नाव वाचले आणि कागद घडी करून ठेवला.

तेव्हा आता क्रम सांगतो. घरी गाडी असणाऱ्यांनी तो लिहून घ्यावा.

सर्वांत आधी, जो गाडी चालवतो त्याला विचारावे. थंड असताना होते की तापल्यावर? चढावर की उभ्या गाडीत? पावसात की उन्हात? किती दिवसांपासून, आणि त्याआधी गाडीला कोणी हात लावला होता? या चार-पाच प्रश्नांनी अर्धे काम होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती काढून टोके घट्ट करावीत; इंजिनाची अर्थची पट्टीही पाहावी. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून उजेडात धरावी. आत केसासारखी काळी रेघ किंवा तडा असेल तर टोपी बदलावी. पावसाळ्यात नुसता दमटपणाही पुरतो. कोरड्या फडक्याने टोपी आणि वायरी पुसल्या की कित्येक गाड्या मुकाट्याने सुरू होतात.

पुढे पॉइंट. ते पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने फट मोजावी. आकडा हँडबुकातला घ्यावा, शेजाऱ्याच्या तोंडचा घेऊ नये. फट कमी असेल तर पॉइंट जळतात, जास्त असेल तर कॉइलला भरायला वेळ मिळत नाही आणि वेगात ठिणगी दुबळी होते. पॉइंट करडे असतील तर बरे. निळे, जळके, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. तो स्वस्त आहे. पॉइंट बदलताना तोही बदलावा, आणि जुना चांगला असेल तर डिकीत जपून ठेवावा.

कॉइलची ठिणगी तपासताना वायर उघड्या हाताने धरू नये. हजारो व्होल्टांची ती थट्टा नव्हे. कोरड्या लाकडाच्या चिमट्याने धरावी, आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही हे आधी पाहावे. आणखी एक फसगत सांगतो. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला आणि ठिणगी दिसली, की लोक प्लग चांगला म्हणतात. पण उघड्या हवेत ठिणगी पडणे सोपे असते. सिलिंडरात दाबलेल्या मिश्रणात तिला कितीतरी अधिक जोर लागतो. बाहेर पास झालेला प्लग आत नापास होऊ शकतो. आणि आमच्यासारखी चूक टाळायची तर, जो दोष गाडी तापल्यावर येतो तो तापलेल्या गाडीवरच तपासावा.

विजेची बाजू निर्दोष ठरली की मगच कार्बोरेटरकडे जावे: चोकची झडप खरोखर पूर्ण उघडते का, हे डॅशबोर्डावरची खुंटी पाहून ठरवू नये, झाकण काढून डोळ्यांनी पाहावे, फिल्टर स्वच्छ आहे का, फ्लोटची सुई पेट्रोल नीट अडवते का. पुष्कळ मिस्त्री उलट करतात. काळा प्लग दिसला की कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतात. मग मूळ दोष राहतोच आणि वर दुसरा तयार होतो.

काळे प्लग तारेच्या ब्रशने खरवडू नयेत. धातूच्या रेघा पांढऱ्या आवरणावर उठतात आणि विजेला नवी पायवाट मिळते. नवा प्लग आधी हाताने बसेपर्यंत फिरवावा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. तेल चढणाऱ्या इंजिनात जास्त तापणारा प्लग घालून काही दिवस निभावता येते, पण ते ताप मोडायला थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

आता ज्या गृहस्थांनी प्रश्न विचारला त्यांच्याविषयी. त्यांची गाडी आठवड्यातून एकदा, रविवारी, देवळापर्यंत जाऊन येते. दहा मिनिटे, तीही चोक ओढून. ते टोक पाचशे अंशांपर्यंत कधी पोचावे? जुन्या गाडीला महिन्यातून दोनदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवावे. शिवाय काळ बदलला आहे. २००० सालापासून देशभर शिशाविना पेट्रोल आहे, त्यामुळे प्लगाचा रंग जुन्या पुस्तकांतल्या चित्रांपेक्षा फिका दिसतो. पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते मिश्रण थोडे हलके करते, ओल ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या फुगवते. नळ्या आधी बदला, मग प्लगाला बोल लावा.

गॅरेज सुटले, युनियनचे काम अंगावर आले, तरी तो कागद आणि त्यावरचे चार आकडे सुटले नाहीत. एका कारखान्यात खराब माल काढला म्हणून एका कामगारावर आरोपपत्र आले. चौकशीत आम्ही एवढेच मागितले, की त्या मशीनच्या तिन्ही पाळ्यांची नोंदवही दाखवा. तिन्ही पाळ्यांत खराब माल सारखाच निघत होता. चारही प्लग काळे होते. आरोपपत्र मागे घेतले गेले आणि मशीनची दुरुस्ती झाली. उलटही घडले आहे: आमच्याच सभासदाचा एकटा प्लग काळा निघाला, आणि ते आम्हांला मान्य करावे लागले. पद्धत धरली की ती आपल्या बाजूनेच बोलेल असे नाही.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी धावणे बंद झाले. शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत संपली. मामा त्याच्या बऱ्याच आधी गेले. नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. दोष काय तो संगणक आकड्यांत सांगतो. तोही साक्षीदारच. त्याला काय विचारायचे हे अजून माणसालाच ठरवावे लागते.

उद्या सकाळी नऊ वाजेपर्यंत आम्ही या गावात आहोत. ज्यांच्या गाड्या कुरकुरतात त्यांनी चारही प्लग कागदात गुंडाळून, त्यांवर १ ते ४ आकडे घालून आणावेत. आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल, तर त्यालाही बरोबर आणावे. आधी त्याचे ऐकू, मग प्लग पाहू.